1982 च्या पोर्शे 911 एससीचा हेड-स्टड तुटला आहे: संपूर्ण इंजिन उघडावे का?

हडसनपार (न्यू जर्सी)

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे माझ्याकडे 1982 सालची पोर्शे 911 एससी आहे. गाडी अमेरिकेतच विकली गेलेली आहे, 3.0 लिटरचे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन, बॉशचे के-जेट्रॉनिक इंधन-इंजेक्शन, पाच गिअर, आणि मीटरवर 1,12,000 मैल. माझ्या आधीच्या मालकाने ती बारमाही वापरली, म्हणजे रस्त्यांवर मीठ पसरलेले असते त्या हिवाळ्यांतही वापरली. मी मात्र एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच बाहेर काढतो.

गेल्या शनिवारी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला बसलो होतो. इंजिन रात्रभर थंड होऊ दिले होते, पहिला सिलिंडर टीडीसीला (पिस्टन अगदी वर असलेल्या स्थितीला) आणून 1-6-2-4-3-5 या क्रमाने, दर वेळी क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) 120 अंश फिरवत, 0.10 मिमीच्या पातीने काम सुरळीत चालले होते. उजव्या बाजूचे खालचे कव्हर सोडले, तेव्हा तेलाच्या धारेबरोबर काहीतरी टणकन परातीत पडले. पुसून पाहिले तर हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) नट होता आणि त्याच्या आत स्टडचा, म्हणजे हेड आवळून धरणाऱ्या लांब बोल्टचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा अडकलेला होता. टॉर्चने पाहिल्यावर पाचव्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट बाजूची एक जागा रिकामी दिसली.

गाडी चालायला उत्तम आहे, आणि म्हणूनच मन मानत नाही. मागे वळून पाहता एवढेच आठवते की सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर मिनिटभर उजवीकडून फुसफुस असा आवाज येतो आणि इंजिन तापले की तो थांबतो. मी इतके दिवस त्याचा दोष सायलेन्सरच्या गॅस्केटला देत होतो. शिवाय पार्किंगमध्ये तेलाचे दोन-तीन थेंब पडतातच, आणि गरम इंजिन बंद करून वीस मिनिटांनी पुन्हा चालू करायचे म्हटले, तर बराच वेळ सेल्फ मारावा लागतो.

एका गॅरेजने क्रँकपासून वरपर्यंत संपूर्ण इंजिन उघडावे लागेल असे सांगितले आणि जो आकडा दिला, त्यात एक बरी नवी गाडी येईल. दुसऱ्याने हसून सांगितले की चोवीसपैकी एक स्टड तुटला तर काही बिघडत नाही, चालवत राहा. मला दोन्ही सल्ले पटलेले नाहीत. फक्त हेड आणि सिलिंडर उतरवून काम भागेल का, नवे स्टड कोणत्या धातूचे घ्यावेत, आणि गरम असताना चालू न होण्याचा याच्याशी काही संबंध आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

नेकारकाठी (श्टुटगार्टजवळ)

हडसनपार यांस,

ज्या गावात तुमची गाडी बनली, त्याच्या शेजारच्या गावात मी राहतो आणि गेली अकरा वर्षे माझी 1980 ची एससी स्वतःच सांभाळतो आहे. तुमच्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी मोजमाप न करता निदान केले आहे, हे माझे पहिले मत.

या इंजिनात सहा सिलिंडर सुटे आहेत, सहा हेडही सुटी आहेत, आणि प्रत्येक सिलिंडर व त्याचे हेड मिळून चार लांब स्टडांनी क्रँककेसवर (क्रँक ज्यात फिरतो त्या इंजिनाच्या मूळ कवचावर) आवळलेले असते. एससीमध्ये वरच्या, म्हणजे इनलेट बाजूच्या बारा स्टडांसाठी साधे पोलाद आणि खालच्या एक्झॉस्ट बाजूच्या बारांसाठी डिलावार नावाचा मिश्रधातू वापरला आहे. तुटतात ते जवळजवळ नेहमी खालचे. पंख्याची हवा वरून खाली जाते, पण रस्त्यावरचे पाणी, चिखल आणि मीठ खालून वर उडते. त्यामुळे ताणाखाली असलेल्या या स्टडांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतून चीर आत शिरते. तुमच्या गाडीचा हिवाळ्यांचा इतिहास लक्षात घेता मला याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही.

ती सकाळची फुसफुस सायलेन्सरची नसावी. चारपैकी एक स्टड गेला की थंड इंजिनात हेड आणि सिलिंडर यांच्या सांध्यातून ज्वलनाचा वायू निसटतो, आणि इंजिन तापून धातू फुगले की सांधा पुन्हा आवळला जातो. तुम्ही ऐकलेला आवाज बहुधा हाच आहे. गाडी चालते हे खरे, पण निसटणारा तप्त वायू सांध्याची पृष्ठे हळूहळू खातो आणि आज नुसत्या स्टडने भागणारे काम उद्या हेड आणि सिलिंडरवर जाते. शिवाय उरलेल्या तिघांवर भार वाढतो तो वेगळाच. गॅरेजपर्यंत सावकाश नेण्यास हरकत नाही. हायवेवर 5,000 आरपीएमच्या वर खेचू नये.

आता काय तपासावे ते सांगतो. प्रथम लीक-डाउन चाचणी करा. प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडा, आणि किती टक्के निसटते यापेक्षा ती कोठून निसटते याकडे अधिक लक्ष द्या. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या डब्यातून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, तेलाच्या टाकीचे झाकण काढल्यावर तेथून आला तर पिस्टनच्या रिंगा. सांध्याजवळ साबणाचे पाणी ब्रशने लावले की तेथील गळती बुडबुड्यांनी दिसेल. त्यानंतर खालचे उरलेले अकरा नट लांब 10 मिमी ॲलन पान्याने हलकेच चाचपून पाहा. कृपया आवळू नका. चीर पडलेला स्टड आवळल्यावर तुटतो आणि मग तो आधीच जाणार होता की आपण घालवला हे कधीच कळत नाही.

सर्व सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत असतील, तेलाचा दाब गरम इंजिनावर दर 1,000 आरपीएमला 10 पीएसआयच्या आसपास राहत असेल आणि तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचा कीस नसेल, तर क्रँक उघडण्याचे कारण मला तरी दिसत नाही. या इंजिनाचा खालचा भाग विलक्षण टणक आहे. तो उघडून पुन्हा तितकाच चांगला जोडणारा माणूस सापडणे त्याहून अवघड.

घाटवाट (नाशिक)

माझ्याकडे असली गाडी नाही, केवळ वाचनाचा छंद आहे. या इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमची असते आणि स्टड आट्यांसकट उपटून येतात, म्हणून केस बाहेर काढून प्रत्येक भोकात नवे आटे बसवावे लागतात, असे मी वाचले होते. तसे असेल तर पहिल्या गॅरेजचे म्हणणे बरोबरच नाही का?

नेकारकाठी

घाटवाट यांनी वाचलेले खरे आहे, पण ते दुसऱ्या इंजिनाबद्दलचे आहे, आणि ही गल्लत इतकी सर्रास होते की ती येथेच दूर झालेली बरी. 1974 ते 1977 या काळातील 2.7 लिटरच्या इंजिनाची केस मॅग्नेशियमची होती. धातू मऊ, त्यात अमेरिकेतील 1975 नंतरच्या गाड्यांना प्रदूषण कमी करण्यासाठी थर्मल रिॲक्टर बसवलेले, त्यामुळे हेडांभोवतीची उष्णता प्रचंड. त्या गाड्यांत स्टड तुटत नसत, केसमधून उपटून येत. 1978 पासूनच्या एससीची केस ॲल्युमिनियमची आहे. तिच्यात आटे टिकतात आणि स्टड तुटतात. दुखणे निराळे असल्यामुळे उपायही निराळा. एससीत तुटका स्टड काढल्यावर मूळ आटे साफ केले की बहुतेक वेळा नवा स्टड तसाच बसतो.

टूलरूम (चिंचवड)

मी चौतीस वर्षे टूलरूममध्ये काढली आहेत. पोर्शे फक्त चित्रात पाहिली, पण तुटलेले बोल्ट पुष्कळ पाहिले. हडसनपार, तुम्ही तो तुकडा फेकला नसेल अशी आशा आहे. तुटलेला पृष्ठभाग पेट्रोलने धुऊन भिंगाखाली धरा. त्याचा एक भाग काळपट-तपकिरी आणि उरलेला चकचकीत दाणेदार दिसला, तर काळपट भाग म्हणजे हळूहळू वाढत गेलेली जुनी चीर आणि चकचकीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला गाभा. काळपट भाग अर्ध्याहून मोठा असेल, तर बाकीच्या अकरांतही अशा चिरा असण्याची शक्यता धरून चालावे. एकाच वयाचे, एकाच हवेत राहिलेले भाऊ आहेत ते.

धातूबद्दल थोडे. समजा 150 मिमी लांबीचा सिलिंडर 100 अंशांनी तापला. ॲल्युमिनियम तेवढ्यात सुमारे 0.35 मिमी वाढते आणि साधे पोलाद 0.17 ते 0.18 मिमी. हा फरक स्टडला ताणून भरून काढावा लागतो, म्हणजे गरम इंजिनात पोलादी स्टडवरचा ताण वाढतो. डिलावार जवळजवळ ॲल्युमिनियमइतकाच प्रसरण पावतो, त्यामुळे ताण फारसा बदलत नाही. मॅग्नेशियमच्या मऊ आट्यांना हा वाढीव ताण सोसत नव्हता. त्यावरचा उपाय म्हणून हा धातू आणला, हे तर्काला अगदी धरून आहे. परंतु वर सांगितल्याप्रमाणे एससीची केस ॲल्युमिनियमची असेल आणि वरच्या रांगेतले पोलादी स्टड चाळीस वर्षे तेच ओझे निमूटपणे वाहत असतील, तर खालीही तेच पोलादी स्टड का लावू नयेत, हे मला कोणी समजावून सांगावे.

तुटका स्टड काढताना एक्स्ट्रॅक्टरने (तुटका बोल्ट काढण्याच्या हत्याराने) जोर लावण्याची घाई करू नका. आटे लॉक्टाइट या गोंदाने चिकटवलेले असतील तर ते सुमारे 250 अंशांना मऊ पडते. म्हणून केसचा तेवढाच भाग टॉर्चने शांतपणे तापवावा आणि मगच पाना लावावा. पकडायला काही उरलेच नसेल, तर वरून नट ठेवून आतून वेल्डिंगचा ठिपका द्यावा. त्याची उष्णताच अर्धे काम करते. आत तुटलेला एक्स्ट्रॅक्टर ड्रिलने निघत नाही, आणि ज्याने तो एकदा आत तोडला आहे तो आयुष्यात पुन्हा घाई करत नाही. मी तोडला आहे.

बेभागातला (कॅलिफोर्निया)

गरम असताना चालू न होण्याचा स्टडशी काहीही संबंध नाही. ते इंधनाचे दुखणे आहे. के-जेट्रॉनिकमध्ये इंजिन बंद केल्यावरही नळ्यांत काही काळ दाब टिकून राहणे आवश्यक असते, कारण दाब गेला की तापलेल्या इंजिनाजवळचे पेट्रोल नळीतच उकळून वाफ होते आणि ती वाफ निघून जाईपर्यंत सेल्फ मारत बसावे लागते. थंड झाल्यावर गाडी लगेच चालू होते, म्हणून बिचारा मालक कधी बॅटरी बदलतो तर कधी स्टार्टर.

दाब टिकवण्याचे काम प्रामुख्याने दोघांचे आहे: पंपावरचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) आणि इंजिनच्या कप्प्यात डावीकडे फिल्टरजवळ असलेला ॲक्युम्युलेटर (इंधनाचा दाब साठवणारा डबा). इंधनाचा गेज जोडून इंजिन गरम करा, बंद करा आणि घड्याळ लावून काटा पाहा. तो वीस मिनिटांच्या आत शून्यावर आला तर दोघांपैकी एक दोषी आहे. ॲक्युम्युलेटरच्या मागची परतीची नळी सोडल्यावर तेथून पेट्रोल ठिबकले तर आतला पडदा फाटला आहे, पुढे शोधायला नको. हे काम मोकळ्या हवेत, अग्निशामक हाताशी ठेवून आणि एक्झॉस्ट पूर्ण थंड असतानाच करावे. अंदाजाने वॉर्म-अप रेग्युलेटर (थंड इंजिनाला जास्त इंधन देणारा भाग) बदलण्याचा मोह टाळा. तो महाग आहे आणि बहुतेक वेळा निर्दोष असतो.

हवेच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (आतला जादा दाब बाहेर सोडणारी झडप) बसवलेला आहे का, तेही पाहून घ्या. थंडीत एक बॅकफायर झाला की तो डबा तडकतो आणि मग इंजिन काही केल्या एकसारखे चालत नाही.

आणखी एक गोष्ट, विषय तेलाचा निघाला म्हणून. या गाडीत ड्राय संप आहे, म्हणजे तेल इंजिनाखाली न राहता वेगळ्या टाकीत राहते, पूर्ण यंत्रणेत सुमारे 13 लिटर तेल असते, आणि पातळी पाहायची ती इंजिन पूर्ण गरम, चालू आणि गाडी सपाट जागेवर असताना. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या नेहमीच्या गाडीच्या सवयीने सकाळी थंड इंजिनात डिपस्टिक पाहिली, ती कोरडी दिसली म्हणून दोन लिटर तेल ओतले, आणि दुपारी ते सगळे तेल हवेच्या डब्यात चढून मागे असा पांढरा धूर निघाला की शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाला फोन केला.

हडसनपार

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल आभार. गेल्या दोन आठवड्यांत केलेल्या मोजमापांचा निकाल देतो.

लीक-डाउनमध्ये पाचवा सोडून बाकीचे पाच सिलिंडर 4 ते 7 टक्क्यांत आहेत. पाचव्यावर 11 टक्के आले, आणि त्याच्या सांध्यावर खालच्या बाजूने साबणाचे बुडबुडे स्पष्ट दिसले. तेलाच्या टाकीतून कोणताही आवाज नाही. फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या कपड्यावर उलगडला, कीस नाही. नट चाचपताना तिसऱ्या सिलिंडरचा एक नट कोणताही विरोध न करता फिरला, म्हणजे दुसराही स्टड गेलेला आहे आणि तो केसच्या जवळ कोठेतरी तुटला असावा.

टूलरूम यांनी सांगितल्याप्रमाणे तुकडा धुऊन पाहिला. दोन तृतीयांश पृष्ठभाग चहाच्या जुन्या डागासारखा तपकिरी आहे आणि काठाला नखाच्या चंद्रकोरीएवढा भाग तेवढा चमकतो. तो पाहिल्यावर पूर्ण खालची रांग बदलण्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. गाडी आता जॅकस्टँडवर आहे आणि चालवणे बंद केले आहे.

इंधनाचा काटा नऊ मिनिटांत शून्यावर आला आणि ॲक्युम्युलेटरच्या मागून पेट्रोल ठिबकले. नवा मागवला आहे.

नोव्हेंबरात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच खाली उतरवण्याचा विचार आहे. हेड आणि सिलिंडर काढायचे, क्रँकला हात लावायचा नाही. इंजिन खाली आलेच आहे तर आणखी काय करावे, आणि वरची रांगही बदलावी का, एवढे सांगितलेत तर सामानाची यादी पूर्ण होईल.

नेकारकाठी

वरची रांग आहे तशी राहू द्या. ती पोलादी आहे, निरोगी आहे, आणि चांगला स्टड तापवून उपटण्यात केसच्या आट्यांना इजा होण्याचा धोका विनाकारण पत्करावा लागतो. खाली मात्र वरच्या रांगेत असतात तेच मूळ पोलादी स्टड लावा. टूलरूम यांच्या प्रश्नाला माझ्याकडे प्रतिवाद नाही. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी तेच केले आहे.

“एवढे उघडलेच आहे तर” हा रोग या गाड्यांच्या मालकांना फार लवकर जडतो. त्याला आवर घालण्याची माझी कसोटी अशी, की जी वस्तू पुढे बदलण्यासाठी इंजिन पुन्हा उतरवावे लागेल तीच आत्ता बदलायची. त्या कसोटीत फ्लायव्हीलकडचे क्रँकचे सील बसते. पंख्याच्या मागे दडलेली तेलाच्या थर्मोस्टॅटची आणि ब्रीदर कव्हरची सीलेही बसतात, कारण तुमचे ते दोन-तीन थेंब बहुधा तेथूनच येत असावेत आणि गाडीत इंजिन असताना तेथे हात पोचत नाही. तेल परत आणणाऱ्या नळ्या हेड निघालेले असताना अखंड बसवता येतात, नंतर दोन तुकड्यांच्या घ्याव्या लागतात. क्लच प्लेट मध्यभागी रबर असलेली मूळची निघाली, तर झिजलेली नसली तरी काढून टाका. ते रबर फुटून आत अडकते. व्हॉल्व्ह गाइडची (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिची) झीज मात्र डायल गेजने मोजून मगच ठरवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टायमिंग चेनचे, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीला ताणून धरणारे, टेन्शनर पाहा. तुमच्या वर्षाच्या गाडीत ते बंदिस्त तेलावर चालणारे होते, आणि ते निकामी झाले की चेन दात सोडते व व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. 1984 च्या कॅरेरापासून इंजिनच्या दाबाचे तेल मिळणारे टेन्शनर आले आणि ते एससीलाही बसतात. आधीच्या मालकाने बदलले असतील, तर चेनच्या दोन्ही कव्हरांवर बाहेरून येणारी तेलाची बारीक नळी दिसेल. ती नसेल तर या यादीत दुसरे काही कमी करा, पण हे करा.

जोडताना तीन रिंगांची तोंडे एकमेकांपासून 120 अंशांवर ठेवा, केसमधून स्टड किती बाहेर राहावा याचे माप मॅन्युअलमधून घ्या, आणि कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) टायमिंग जुन्या खुणांवर न ठेवता पहिल्या व चौथ्या सिलिंडरवर डायल गेज लावून नव्याने बसवा. केसवरचा इंजिन क्रमांक पंख्याच्या आधारापाशी कोरलेला आहे. साफसफाई करताना तेथे वायर ब्रश किंवा ग्राइंडर नेऊ नका, कारण गाडीची किंमत पुष्कळशी त्या आकड्यांवर ठरते.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी इग्निशन तोडून, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत नुसता सेल्फ मारा. पंधरा सेकंदांहून जास्त एका दमात मारू नका, स्टार्टर तापतो. आणि पहिल्या दीड हजार मैलांनंतर टॅपेट पुन्हा पाहा. त्या वेळी परात स्वच्छ पुसून ठेवा, म्हणजे तेलाबरोबर काही पडले तर कळेल.